एकतीस नंबरच्या धावा

संजीवनी केतकर सोमवारी सकाळी आठला ऑफिसात यायची, तेव्हा अमेरिकेत रविवारची संध्याकाळ असायची. सिंगापुरात हार्बरफ्रंटच्या फेरी टर्मिनलसमोरच्या एका इमारतीत सहाव्या मजल्यावर तिच्या कंपनीच्या दोन खोल्या होत्या. माणसं पाच आणि गिऱ्हाईक एक. ते गिऱ्हाईक म्हणजे रिव्हरमेन नावाचा अमेरिकन फुटबॉलचा व्यावसायिक संघ. त्याच्या सामन्यांतली एकेक चाल पाहायची, चेंडू फेकला की हातात घेऊन धावले, किती यार्ड मिळाले, हे नोंदवायचं आणि त्यातून पुढचे अंदाज काढायचे, हे काम.

संजीवनी पुण्याची. संख्याशास्त्रात पीएचडी करून पोस्टडॉकसाठी ती सिंगापूरला आली. विद्यापीठातली मुदत संपत आली तेव्हा महाराष्ट्र मंडळाच्या एका कार्यक्रमात तिची विश्वास सरांशी ओळख झाली. ते पंधरा वर्षं सिंगापुरात होते, आणि ही कंपनी त्यांचीच. त्यांनी तिला नोकरी दिली, एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे कामाचा परवाना, काढून दिला, पासिर रिसला भाड्याचा फ्लॅट शोधायलाही ते स्वतः तिच्याबरोबर हिंडले. त्या पासच्या आधारावर तिचा नवरा अनिमेष आणि अकरा वर्षांची मुलगी ऋग्वेदा सिंगापुरात राहत होती. तिचा पास गेला की त्या दोघांचेही जात.

आली तेव्हा तिला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. मग हळूहळू कळलं की मुळात तो सोपा आहे. चार संधींत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार संधी. दर वेळी एकच प्रश्न. चेंडू लांब फेकून झेलायचा, म्हणजे पास, की तो पोटाशी धरून समोरच्या गर्दीत घुसायचं, म्हणजे धाव. पास हुकू शकतो, विरोधी खेळाडू तो मधेच झेलू शकतो. धावेत बहुधा थोडं तरी मिळतं, पण थोडंच मिळतं. शंभर वर्षं प्रशिक्षक यावरून भांडत आले आहेत. आकडे पाहणाऱ्यांचं मत अलीकडे पासकडे झुकलं आहे.

रिव्हरमेनचे प्रशिक्षक हॅगर्टी मात्र धावेचे भक्त होते. त्यांच्याकडे ओटिस बर्डेट नावाचा सव्वीस वर्षांचा धावपटू होता, एकतीस नंबरचा. जूनमध्ये हॅगर्टींनी कंपनीला एक काम दिलं. बर्डेट पंचवीस किंवा जास्त वेळा धावला, त्या चौदा सामन्यांपैकी तेरा संघाने जिंकले होते. येत्या मोसमात त्याला आणखी धाववावं, असा अहवाल त्यांना मालकांपुढे ठेवायचा होता.

संजीवनीने सहा वर्षांच्या चाली काढल्या. तीन आठवड्यांनी जे दिसलं ते सरळ होतं. बर्डेटच्या त्या पंचवीस धावांतल्या दहा-बारा शेवटच्या पावतासात व्हायच्या, आणि तोवर संघ पुढे असायचा. पुढे असलेला संघ धावतो, कारण धावेत घड्याळ चालू राहतं आणि धोका कमी असतो. म्हणजे धावल्यामुळे विजय मिळत नव्हता. विजय हातात आल्यामुळे धावत होते. सामन्याच्या चार भागांपैकी पहिल्या तीन भागांत, बरोबरी असताना, पासला सरासरी साडेसहा यार्ड मिळत, धावेला चार. हुकलेले, गमावलेले पास धरूनही. हॅगर्टींचं म्हणणं असं होतं की आधी धावून धावून समोरच्यांना आत ओढलं की मग पास मोकळे मिळतात. तिने तेही तपासलं. धाव घेतल्याची हूल देऊन केलेला पास, आधी पाच धावा झालेल्या असोत की वीस, तेवढाच चालत होता. एकच यार्ड हवं असेल तेव्हा मात्र धावच बरी, हे तिने प्रामाणिकपणे लिहिलं.

विश्वास सरांनी तो मसुदा दोनदा वाचला आणि तिला आत बोलावलं. त्यांच्या खिडकीतून पलीकडच्या बाटाम बेटाला जाणाऱ्या बोटी दिसत.

"आकडे चुकलेत असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "पण हॅगर्टीने विचारलंय काय? बर्डेट जास्त धावला की आपण जिंकतो का. त्याचं उत्तर हो आहे. तेवढंच लिही."

"सर, ते उलटं आहे. आपण जिंकत असतो म्हणून तो जास्त धावतो."

"हे हॅगर्टी मालकांना सांगेल का? त्यानेच आपल्याला हे काम मिळवून दिलंय. तो गेला तर आपण गेलो."

सरांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "तुझा पास ऑगस्टमध्ये संपतोय ना? रिन्यूअलचं माझ्याकडे आलंय. हा अहवाल गेला की ते हातात घेतो."

आवाजात धमकी नव्हती. कदाचित त्यांच्या मनातही नसावी. कामांचा क्रम सांगावा तसं ते बोलले. संजीवनीला त्याचाच जास्त त्रास झाला. धमकी असती तर तिला रागावता आलं असतं.

घरी तिने अनिमेषला सगळं सांगितलं. तो पुण्यात पुलांचे आराखडे करणारा इंजिनिअर होता. तिच्यासाठी नोकरी सोडून आला, आणि इथे डिपेंडंट पासवर त्याला स्वतःचा वेगळा पास मिळाल्याशिवाय काम करता येत नव्हतं. दोन वर्षं तो अर्ज करत होता. मधल्या काळात स्वयंपाक, बाजार, ऋग्वेदाचा अभ्यास त्याने अंगावर घेतला होता, आणि त्याबद्दल तो कधी चकार शब्द काढत नसे. त्या दिवशी तो म्हणाला, "संजू, खेळ आहे हा. कुणाचा पूल पडणार नाहीये." ऋग्वेदाची प्राथमिक शाळेची मोठी परीक्षा पुढच्या वर्षी होती, हे त्याने बोलून दाखवलं नाही, पण दोघांच्याही मनात तेच होतं. मुलीने आतून काहीतरी ऐकलं असावं. ती दारात येऊन तिथल्या मुलांच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, वी आर स्टेइंग, राइट? माय फ्रेंड्स ऑल हिअर लाह." संजीवनी म्हणाली, हो, इथेच आहोत.

पुढचे दहा दिवस तिने दुसरीकडे नोकरी शोधली. विद्यापीठात विचारलं, दोन बँकांत अर्ज टाकले. एका ठिकाणी मुलाखत झाली. त्यांना माणूस हवा होता, पण नवा पास काढण्याची खटपट नको होती. रोज सकाळी पासिर रिसहून एमआरटी मेट्रोत बसताना ती हिशेब करायची की ऑगस्टला किती दिवस उरले. अहवाल लिहिला नाही तर घर, शाळा, सगळं गेलं. लिहिला तर काय जाणार होतं, ते तिला नीट सांगता येत नव्हतं.

शेवटी तिने लिहिला. एकही वाक्य खोटं पडणार नाही अशी काळजी घेतली. चौदापैकी तेरा सामने, हे खरंच होतं. फक्त कशानंतर काय झालं, ते कुठे आलं नाही. खरा तक्ता तिने शेवटी परिशिष्टात ठेवला. परिशिष्टं कुणी वाचत नाही, असं म्हणून विश्वास सरांनी तो काढला. पहिल्या पानावर तिचं नाव होतं, डॉक्टर लावून.

पास तीन वर्षांसाठी वाढून मिळाला. तिला हायसं वाटलं, आणि काही आठवडे तिला झोपही चांगली लागली. हे तिने नंतर कधी लपवलं नाही.

सप्टेंबरात मोसम सुरू झाला. हॅगर्टींनी बर्डेटला सामन्यात एकोणतीस, तीस वेळा धाववायला सुरुवात केली. आणि पहिल्या सहा सामन्यांपैकी पाच रिव्हरमेननी जिंकले. प्रतिस्पर्धी दुबळे होते, दोन सामन्यांत चेंडू आयता हाती आला होता. सहा सामन्यांवरून काहीच ठरत नाही, हे तिला माहीत होतं. पण हे कुणाला सांगणार? विश्वास सरांनी मरीन परेडच्या आपल्या घरी सगळ्यांना जेवायला बोलावलं. त्यांची बायको शुभा हिने खास संजीवनीसाठी अळूची भाजी केली होती. सरांनी पाहुण्यांसमोर तिचं भरभरून कौतुक केलं. ती पाटावरच्या नवऱ्या मुलीसारखी खाली मान घालून बसून राहिली. अनिमेष तिच्याकडे पाहत होता.

ऑक्टोबरमध्ये तिला एक मेल आली. ओटिस बर्डेटची. प्रशिक्षकांनी अहवाल संघाला दाखवला होता, त्यावरून त्याने तिचा पत्ता मिळवला. त्याने लिहिलं होतं की कॉम्प्युटरवाले सगळे सांगतात, धावणारा कुणीही चालतो, एक मोडला की दुसरा आणा. माझी किंमत आहे असं आकड्यांनी सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच. माझं नाव असलेलं पान आईने फ्रिजवर चिकटवलंय.

चार दिवस तिला उत्तर सुचलं नाही. खरं सांगावं तर त्या माणसाला जे एकच प्रशस्तिपत्र मिळालं होतं ते काढून घ्यायचं. न सांगावं तर तो आणखी तीस वेळा त्या गर्दीत घुसणार. पाचव्या दिवशी तिने लिहिलं, आभारी आहे, तब्येत सांभाळा. पाठवल्यावर तिला स्वतःची लाज वाटली.

त्यानंतर चाली नोंदवताना ती कुणी न सांगता आणखी एक गोष्ट नोंदवू लागली. बर्डेटला खाली पाडल्यावर तो किती सेकंदांनी उठतो. सप्टेंबरात त्याला तीन सेकंद लागत. ऑक्टोबरअखेर, विसाव्या धावेनंतर, सहा. नोव्हेंबरात नऊ. धावेमागे मिळणारे यार्डही पावणेपाचवरून तीनवर आले होते. तिने तो तक्ता विश्वास सरांना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"हे आपल्याला कुणी विचारलेलं नाही," ते म्हणाले. "तो डॉक्टर लोकांचा प्रांत आहे."

नोव्हेंबरच्या मध्याला रिव्हरमेनचा सामना अमेरिकेत रात्री होता, म्हणजे इकडे सोमवारी सकाळी साडेनऊला. पाचही जण ऑफिसात तो थेट पाहत होते. शेवटच्या भागात संघ नऊ गुणांनी मागे होता. मागे असताना धावण्यात वेळ जातो, तेव्हा तरी पास टाकायला हवा होता. हॅगर्टींनी पुन्हा धाव मागितली. बर्डेटची ती सत्ताविसावी. दोघांनी त्याला दोन बाजूंनी धरलं आणि तिसरा त्याच्या डाव्या गुडघ्यावर पडला. पाय नको त्या दिशेला वळला. कॅमेऱ्याने लगेच तोंड फिरवलं.

त्याला गाडीवर घालून बाहेर नेलं. मग संजीवनीला ती चाल नोंदवावी लागली. धाव, डावीकडून, दोन यार्ड. सेकंदांचा रकाना तिने मोकळा सोडला. विश्वास सर तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि हलक्या आवाजात म्हणाले की हवं तर घरी जा. ती गेली नाही. घरी जाऊन काय करायचं हे तिला कळेना, म्हणून तिने सामना शेवटपर्यंत नोंदवला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संघमालकांच्या कार्यालयातून व्हिडिओ कॉल आला. क्रॉस नावाच्या एक बाई होत्या. सकाळी आठला विश्वास सर आणि संजीवनी शेजारी शेजारी बसले. क्रॉसबाई अघळपघळ बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी सांगितलं की मोसम संपला की हॅगर्टींना काढणार आहोत. तुमचा जुलैचा अहवाल एकांगी होता, हे आमच्या माणसांनी तेव्हाच सांगितलं होतं. पण तेव्हा हॅगर्टींना दुखवायचं नव्हतं. आता आम्हाला मूळ तक्ता हवा आहे, पासचा आणि धावेचा, डॉक्टर केतकरांच्या सहीने.

विश्वास सरांचा जीव भांड्यात पडला. ते लगेच हो म्हणाले. संजीवनीने विचारलं, तक्ता कशासाठी हवा आहे? क्रॉसबाईंनी ते लपवलं नाही. बर्डेटचा करार या मोसमात संपत होता. धावेला पासपेक्षा कमीच मिळतं, हे कागदावर असलं की पुढचा करार न देणं सोपं होणार होतं.

संजीवनीला पाच महिने जे सांगायचं होतं, तेच आता तिच्याकडून मागत होते. आणि ते त्या माणसाच्या मोडलेल्या पायावर ठेवायला मागत होते.

"तक्ता खरा आहे, तो मी देईन," ती म्हणाली. "पण त्याबरोबर दुसरं एक पान जाईल. जुलैत मी हे माहीत असून लिहिलं नाही, त्या अहवालावर त्याला दर सामन्याला तीस वेळा धाववलं, आणि तो खाली पडल्यावर दर महिन्याला किती उशिरा उठत होता, ते सगळं."

क्रॉसबाई म्हणाल्या, विचारलंय तेवढंच पाठवा. विश्वास सरांनी कॉलवरचा आवाज बंद केला आणि तिच्याकडे वळले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"संजीवनी, या कंपनीवर पाच घरं आहेत. तुझं एकटीचं नाही."

"माहीत आहे सर."

"मी तुला इथे उभं केलं."

"ते मी विसरले नाही," ती म्हणाली. "म्हणूनच जुलैत गप्प बसले."

तिने दोन दिवस मागून घेतले. संध्याकाळी ती आणि अनिमेष पासिर रिसच्या पार्कात समुद्राकाठी चालत गेले. तिने सगळं सांगितलं. अनिमेष म्हणाला, "मी तेव्हा म्हणालो होतो, कुणाचा पूल पडणार नाही. मला तसं म्हणायचा हक्क नव्हता." पाठव किंवा नको पाठवू, असं त्याने सांगितलं नाही. एवढंच म्हणाला की ऋग्वेदाला तू स्वतः सांग, माझ्यावर टाकू नकोस.

शुक्रवारी दुपारी तिने ती दोन पानं पाठवली. एकाच मेलमध्ये तिघांना: क्रॉसबाईंना, विश्वास सरांना आणि ओटिस बर्डेटला.

सोमवारी विश्वास सर आरडाओरडा करतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी केला नाही. गोपनीयतेचा करार मोडल्याचं पत्र त्यांनी टेबलावर ठेवलं, पास रद्द होत असल्याचं सांगितलं, आणि वकिलाकडे जाणार नाही असंही सांगितलं. निघताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. देश सोडायला तिला तीस दिवस होते.

ऋग्वेदाला तिने जेवताना सांगितलं. मुलगी रडली नाही. ताट बाजूला सारून तिने विचारलं, "यू टेल द ट्रूथ, देन आय मस्ट पॅक, इज इट?" पुढचा आठवडा ऋग्वेदा फक्त बाबाशी बोलत होती.

बर्डेटचं उत्तर दहा दिवसांनी आलं. हे तुम्हाला जुलैत माहीत होतं, असं त्यात लिहिलं होतं. तेवढंच. खाली नावही नव्हतं.

जानेवारीत तिघं पुण्याला आली. अनिमेषला महिन्याभरात काम मिळालं. सकाळी हेल्मेट घेऊन साइटवर जाताना तो चार वर्षांनी लहान दिसायचा. संजीवनी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवू लागली. ऋग्वेदाला शाळेत मराठी सक्तीची होती आणि तिला जोडाक्षरं जमत नव्हती. मार्चमध्ये कळलं की हार्बरफ्रंटचं ऑफिस बंद झालं. बाकीच्या तिघांपैकी दोघांना दुसरीकडे नोकरी लागली. तिसऱ्याचं काय झालं, हे विचारायचं धैर्य तिला झालं नाही.

एप्रिलमध्ये बर्डेटच्या वकिलाचा फोन आला. करारावरून वाद लवादासमोर गेला होता आणि त्यांना तिची साक्ष हवी होती. ती व्हिडिओवर, संध्याकाळी सातला, घराच्या आतल्या खोलीत दार लावून बसली. दोन तास तिने चालींची, सेकंदांची, सरासरीची उत्तरं दिली. तिथे तिची जीभ एकदाही अडखळली नाही. शेवटी संघाच्या वकिलाने विचारलं की हे सगळं ठाऊक असताना तुम्ही जुलैत अहवालावर सही का केली.

"मी घाबरले होते," ती म्हणाली.

वकील पुढच्या वाक्यासाठी थांबला. पुढे काही नव्हतं. पडद्याच्या एका चौकोनात बर्डेट बसला होता, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. त्याने मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली.

लवादाने संघाला त्याला आणखी एका मोसमाचा करार द्यायला लावला. तो परत आला, सहा सामने खेळला, आणि गुडघा साथ देईना म्हणून त्याने खेळ सोडला. ही बातमी संजीवनीने कॉलेजच्या स्टाफरूममध्ये फोनवर वाचली. चार ओळींची होती. पुढच्या तासाची घंटा झाली तशी ती उठली आणि वर्गावर गेली.